टेपच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीची घाई

मुलुंडकर:
माझे वय ५४. खोकताना लघवी निसटत असे म्हणून दिवाळीनंतर मूत्रमार्गाखाली आधाराची टेप बसवून घेतली. ते गळणे थांबले. परंतु आता अचानक इतकी घाई होते की सीएसएमटीपर्यंतच्या लोकलच्या प्रवासाच्या धास्तीने मी सकाळी पाणी पिणेच सोडले आहे. शिवाय धार बारीक येते आणि पुढे वाकल्याशिवाय लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. शेजारच्या वहिनींना चालू असलेली घाईची गोळी मी घ्यावी का?

निवृत्त परिचारिका, परळ:
ताई, तूर्तास घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर नुसती घाई नव्याने सुरू होऊ शकते, पण बारीक धार आणि वाकावे लागणे यांवरून टेप जरा घट्ट बसल्याची शंका येते. अर्धवट रिकामी झालेली लघवीची पिशवी लवकर भरते, त्यामुळेही घाई होते. अशा वेळी पिशवीचे आकुंचन दाबणारी सॉलिफेनासिन किंवा टॉल्टेरोडिनसारखी गोळी घेतली, तर लघवी आणखी तुंबू शकते. आधी जंतुसंसर्गासाठी लघवीचे कल्चर करावे, आणि लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीने किती उरते ते पाहावे. सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पाजून पिशवी तट्ट फुगवली, की उरलेल्या लघवीचा आकडा फसवा येतो, म्हणून नेहमीइतकीच भरू द्यावी. त्यानंतर युरोफ्लोमेट्री (धारेचा वेग मोजणे) आणि गरज भासल्यास युरोडायनॅमिक तपासणी (पिशवी भरताना व रिकामी होताना आतला दाब मोजणे). पाणी तोडू नका. दाट लघवीने जळजळ व घाई वाढते. चहा मात्र कमी करावा.

दादरकर:
माझ्या बहिणीला अडथळाच निघाला. छोट्या शस्त्रक्रियेने टेप मधोमध कापल्यावर धार सुधारली, पण खोकताना थोडे गळणे परत आले. तशी शक्यता डॉक्टरांनी आधी सांगितली होती, म्हणून तिला धक्का बसला नाही.

मुलुंडकर:
आभारी आहे. इंग्लंडमध्ये या टेपच्या जाळीवर बंदी आहे असे वाचले. मग ती काढूनच टाकावी का?

निवृत्त परिचारिका, परळ:
तिथे जुलै २०१८ मध्ये तिचा वापर स्थगित केला गेला, हे खरे. मात्र त्रास नसलेली टेप केवळ त्यासाठी काढत नाहीत, कारण काढण्याची शस्त्रक्रियाही सोपी नसते. योनीतून रक्त किंवा स्राव, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीतून रक्त, वारंवार जंतुसंसर्ग यांपैकी काही असल्यास टेप आत रुतली आहे का, हे अंतर्गत तपासणी व सिस्टोस्कोपीने (दुर्बिणीने मूत्रमार्ग व पिशवी आतून तपासून) पाहतात. लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.