मदत हवी आहे: इंटरसेप्टर ६५० ला इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल बसवले, पण 'सेट' होत नाही

सॅडलबॅग_६५०

मंडळी, गाडी रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०, केबल थ्रॉटल. क्रूझ कंट्रोल म्हणजे ठरवलेला वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा. कारसाठी मिळणारे इलेक्ट्रिक सर्वोचे (थ्रॉटलची केबल ओढणाऱ्या मोटरचे) युनिव्हर्सल किट बसवले आहे. पुणे-कोल्हापूर हायवेला ८० च्या आसपास वापरायचे आहे.

जोडणी अशी: सर्वो सॅडल स्टेच्या आत ब्रॅकेटवर, त्याची केबल टाकीखालून थ्रॉटल बॉडीच्या पुलीपर्यंत, शेवटी किटमधली मण्यांची साखळी. स्पीडसाठी मागच्या डिस्कच्या बोल्टांवर २ मॅग्नेट, स्विंगआर्मवर सेन्सर, पल्स सेटिंग (एका मैलाला किती पल्स) २०००. किटची जांभळी वायर ब्रेक लाइटच्या वायरला. टेल लॅम्प बाहेरून घेतलेला एलईडी आहे.

मॉड्यूलला (किटच्या कंट्रोल बॉक्सला) करंट येतो, दिवा लागतो. 'सेट' दाबले की मात्र काहीच होत नाही. कुठून तपासायला घेऊ?

वायरमन

टेल लॅम्पपासून घ्या. जांभळी वायर दोन कामे करते. ब्रेक दाबला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि क्रूझ सुटते, हे सगळ्यांना माहीत असते. पण ब्रेक सोडलेला असताना तिला बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ मिळायला लागतो, नाहीतर मॉड्यूल 'ब्रेकची वायर तुटली आहे' असे समजून सेट होऊच देत नाही. एलईडीतून तो अर्थ मिळत नाही.

इग्निशन बंद करा, जांभळी वायर मॉड्यूलपासून सोडवा, मीटर ओहमवर ठेवून तिचे दुसरे टोक ते बॅटरी निगेटिव्ह मोजा. २१ वॉटचा थंड बल्ब १ ओहमच्या आसपास दाखवतो. तुमच्याकडे ओपन (सर्किट तुटलेले) किंवा किलोओहम दिसेल.

उपाय: ५ पिनांचा रिले. ८६ ला ब्रेक लाइटची वायर, ८५ अर्थ, ३० ला जांभळी, ८७ए अर्थ, ८७ ला फ्यूजमधून १२ व्होल्ट.

चेन_स्प्रॉकेट

वायरमन, निदान अगदी बरोबर, पण रिलेला माझा विरोध आहे. ८५ चा अर्थ सुटला किंवा कॉइल जळली, तर जांभळी वायर ८७ए वर अर्थलाच चिकटून राहते. म्हणजे ब्रेक दाबला तरी क्रूझला पत्ता नाही.  मोटारसायकलवर ही रिस्क घेऊ नये.

त्यापेक्षा जांभळी वायर आहे तशीच थेट ब्रेक लाइटच्या वायरला राहू द्या आणि तिथून अर्थला ४७ ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर लावा. ब्रेक दाबल्यावर त्यातून जेमतेम ०.३ अँपिअर जातो, उष्णता सुमारे ४ वॉट, तीही ब्रेक दाबलेला असेपर्यंतच. फ्रेमच्या धातूवर बसवा, प्लास्टिकला टेकवू नका. रेझिस्टर तुटला तर क्रूझ फक्त सेट होणार नाही. बिघाड झालाच तर तो याच बाजूला व्हायला हवा.

पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून जांभळीवर १२ व्होल्ट येतात का बघा. मागच्या पेडलचा स्विच उशिरा लागत असेल तर आधी तो अ‍ॅडजस्ट करा.

वायरमन

मान्य. रिलेपेक्षा रेझिस्टरच लावा.

सॅडलबॅग_६५०

मीटरवर ओपनच होते. ४७ ओहम लावला, सेट होऊ लागले. दोन्ही ब्रेकला सुटतेही. आता नवीन प्रश्न: ८० ला सेट केले की वेग ७५ ते ८५ मध्ये झुलतो, आणि ६० च्या खाली सेटच होत नाही.

चेन_स्प्रॉकेट

दोन्हीचे मूळ मॅग्नेटमध्ये आहे. मागचा टायर १३०/७०-१८, घेर साधारण २ मीटर. म्हणजे एका मैलात चाकाचे ८०० फेरे (ही किटे मैलावर मोजतात). २ मॅग्नेटचे १६०० पल्स झाले, सेटिंग २०००. त्यामुळे मॉड्यूलला तुमचा वेग २० टक्के कमी वाटतो. त्याची किमान मर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किमी, ती तुम्हाला ६० ला लागते. शिवाय २ मॅग्नेट बरोबर समोरासमोर नसले तर प्रत्येक फेऱ्यात वेग बदलल्यासारखा दिसतो आणि सर्वो त्याच्या मागे धावतो.

५ मॅग्नेट लावा, ७२ अंशांवर, सगळ्यांचा एकच ध्रुव बाहेर. ८०० गुणिले ५, बरोबर ४००० चे सेटिंग. डिस्कच्या बोल्टांवर नकोत: साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर कमजोर होतात आणि घाटात उतरताना डिस्क त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. स्प्रॉकेट कॅरिअरवर इपॉक्सीने बसवा, सेन्सरपासून ३ ते ५ मिमी अंतर. तिथे चेन ल्यूब आणि लोखंडी चुरा चिकटतो, चेन साफ करताना पुसत जा. एबीएसच्या सेन्सर वायरमधून सिग्नल काढायचा मोह मात्र टाळा.

सेन्सर मागच्या चाकावरच असू द्या. पुढच्यावर असला आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले, तर क्रूझला ते कळत नाही आणि थ्रॉटल उघडाच राहतो. पावसात तसेही क्रूझ बंदच ठेवावे.

वायरमन

मॅग्नेटनंतरही झुलले तर दोन गोष्टी. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात कमी ठेवा. ही किटे दीड टनाच्या कारसाठी बनलेली असतात, २०० किलोची गाडी त्या मानाने फार पटकन उसळते. आणि मण्यांच्या साखळीत थ्रॉटल बंद असताना २-३ मिमी ढील हवी. जास्त असेल तर सर्वो आधी ढील ओढतो, मग एकदम थ्रॉटल. ताणलेली असेल तर आयडल चढते.

इंजिन बंद ठेवून हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे, दोन्हीकडे थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा. प्रत्येक वेळी 'टक्' आवाज करून बंद झाला पाहिजे. जराही रेंगाळला तर केबलचे वळण मोठ्या गोलाईने घ्या. हे जमल्याशिवाय रस्त्यावर चाचणी नको.

मॉड्यूलचा पॉझिटिव्ह किल स्विचनंतरच्या लाइनवरून, ५ अँपिअर फ्यूजमधून घ्या. किल स्विच दाबला की क्रूझही मेले पाहिजे. अर्थ थेट बॅटरीला, रंगवलेल्या फ्रेमला नाही.

आणि क्लच? क्रूझ चालू असताना क्लच ओढला तर इंजिन किंचाळत वर जाते. लिव्हर सोडलेला असताना बंद राहणारा मायक्रोस्विच लावा आणि रेझिस्टरचा अर्थ त्यातून न्या. क्लच ओढला की अर्थ तुटतो, क्रूझ सुटते. हे आधी उभ्या गाडीवर मीटर लावून बघा, मग मोकळ्या रस्त्यावर हात थ्रॉटलवर ठेवून.

घाटवाट

हिमालयन ४५० ला हेच किट चालेल का?

चेन_स्प्रॉकेट

नाही. ती राइड-बाय-वायर आहे, ओढायला केबलच नाही. तिथे ग्रिप सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसणारे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले मॉड्यूल लागते. ग्रिपमधून दोन सिग्नल जातात, ईसीयू ते एकमेकांशी ताडून बघतो, आणि जुळले नाहीत तर इंजिनची ताकद कापतो. वायरी कापून प्रयोग नको, मूळ कपलरमध्येच बसेल असे घ्या.