नेल्सनच्या कुलचिन्हात ताडाचं झाड का?

प्रश्न: ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल नेल्सनचं कुलचिन्ह रेखाटतोय. ढालीच्या वरच्या पट्ट्यात ताडाचं झाड कशासाठी? आणि शिरोभूषणावर (ढालीच्या वर काढतात ते चिन्ह) जहाज पाठमोरं का?

उत्तर १: ती 'सान जोसेफ' या स्पॅनिश युद्धनौकेची पिछाडी. १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत नेल्सनने आधी 'सान निकोलास' घेतली आणि तिच्यावरूनच हिच्यावर चढाई केली. जहाजाचं नाव पिछाडीवरच लिहिलेलं असतं, म्हणून तीच बाजू दाखवायची. नाव गाळलंत तर ते कुठलंही जहाज होईल.

उत्तर २: वरचा पट्टा म्हणजे १७९८ च्या नाईलच्या लढाईबद्दल मिळालेली सन्मानाची भर, म्हणजे पराक्रमाबद्दल मूळ कुलचिन्हात वाढवलेला भाग. मधलं झाड म्हणजे इजिप्त. एका बाजूला निकामी जहाज, दुसरीकडे उद्ध्वस्त तोफखाना. माझ्या मते ही भर फसलीच आहे. कुलचिन्ह लांबून ओळखू यायला हवं. इथे अख्खा देखावा कोंबलाय, छोट्या शिक्क्यावर त्याचा नुसता ठिपका उरतो. खालची मूळ ढाल बघा: सोनेरी पृष्ठभाग, काळा क्रूस, त्यावर तिरपा लाल पट्टा, त्यात दातेरी कडांचा सोनेरी पट्टा आणि तीन पेटते बॉम्ब. सोन्यावर सोनं येऊ नये म्हणून मध्ये लाल. तो लाल अरुंद काढलात की सगळं एकमेकांत मिसळतं.

उत्तर १: अजून एक, उजवी-डावी ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. ढालीला दोन बाजूंनी आधार देणाऱ्या आकृत्यांपैकी खलाशी उजवीकडचा, म्हणजे कागदावर तुमच्या डावीकडे, सिंह पलीकडे. इथे हमखास घोळ होतो. शिरोभूषणं दोन आहेत; दुसऱ्यातला हिऱ्यांचा तुरा तुर्की सुलतान तिसरा सेलीम याने दिलेला, तो विसरू नका.