कार सीट विमानात नेलीत का? अनुभव लिहा

सुट्टीत लेकरं घेऊन भारतात निघणाऱ्यांचा दरवर्षीचा प्रश्न: मुलांना मोटारीत बांधून बसवायची कार सीट विमानात वापरायची की सामानात टाकायची? सल्ले नकोत, प्रत्यक्ष काय झालं ते लिहा.

न्यू जर्सीहून, मुलगी दीड वर्षाची
दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला अख्खी खुर्ची?" नवराही तिकिटाच्या पैशांवरून कुरकुरत होता. 1989 च्या अमेरिकेतल्या सू सिटी विमान अपघातात मांडीवरची मुलं पायाशी जमिनीवर ठेवायला लावली होती, त्यातलं एक गेलं, हे वाचल्यावर गप्प झाला. विमानात शिरताच कार सीट उलटी करून लाल अक्षरांतला मजकूर तपासला गेला: मोटारीत आणि विमानात वापरायला प्रमाणित. ते लेबल खरवडलं असेल तर हुज्जत अटळ. जागा खिडकीची मिळाली, कारण इतरांची वाट अडता कामा नये. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत तर नाहीच नाही.

डॅलसहून
विमानात लॅच, म्हणजे मोटारीत कार सीट अडकवायच्या कड्या, नसतात. विमानाचा कमरेचा पट्टा कार सीटमधून ओवायचा, गुडघा रोवून दाबायचं आणि खेचायचं. घामटं निघतं! खरी गंमत उतरताना: पट्ट्याचं बकल कार सीटच्या पाठीत अडकलेलं, त्याची झडप उचलायला जागाच नाही. परतीच्या वेळी झडप विमानाच्या खुर्चीकडे वळवून बसवली, चटकन उघडली. आणि रुंदी घरीच मोजा हो. 16 इंचांपर्यंतची सीट बहुतेक ठिकाणी बसते.

म्युनिकहून
आमच्याकडे मांडीवरच्या बाळाला आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकेत तो चालत नाही. एकाच प्रवासात दोन नियम, त्यामुळे आम्ही सरळ सीटच नेली.

सिएटलहून, मुलगा तीन वर्षांचा
आम्ही कार सीटऐवजी केअर्स नावाचा मुलांचा पट्टा घेतला, विमानाच्या खुर्चीच्या पाठीला बांधायचा. 22 ते 44 पौंड वजन, उंची 40 इंचांपर्यंत. पिशवीत मावतो. पण उतरल्यावर गाडीत त्याचा काडीचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा. बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवायची बैठक, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी चालत नाही.

लंडनहून
मी उलट मताची आहे. चार महिन्यांच्या बाळाला बॅसिनेटच, म्हणजे विमानात समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणाच, बरा वाटला. फक्त धक्के सुरू झाले की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग रडारड.

डॅलसहून पुन्हा
मुंबईत उतरलात की टॅक्सीच्या मागच्या सीटचं कव्हर आधी उचलून बघा. पट्ट्याचं बकल बहुधा त्याच्याखालीच असतं.