लाँगआर्म मशीन जाम झालंय, चाक फिरतच नाही, गोधडी अडकलीय

गोधडी_अमळनेर:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. गोधड्यांसाठी सेकंडहँड लाँगआर्म (लांब हाताचं, मोठ्या गोधड्या शिवायचं मशीन) घेतलंय, छान चालू होतं, काल जुन्या लुगड्यांची गोधडी लावली होती, मधे कापसाची शीट, आणि जिथे जरीचे काठ एकावर एक आलेत तिथून जाताना खाडकन आवाज झाला, सुई तुटली आणि मशीन जागीच बसलं. हाताने चाक जरासुद्धा सरकत नाही, स्टार्ट दाबलं की मोटर नुसती घूंघूं करून राह्यलीय. गोधडी पण खालून धाग्यांनी धरून ठेवलीय. मेकॅनिक सुरतहून येतो, तो म्हणे पुढच्या आठवड्यात बघू. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय, लेकी माहेरी येतील तेव्हा द्यायच्या ऑर्डरी आहेत, आईच्या लुगड्यांच्या गोधड्या आहेत हो, फाटलं तर दुसरं लुगडं आणू कुठून?

मशीनवाला_भुसावळ:
ताई आधी प्लग काढा. जाम असताना स्टार्ट दाबत राहिलं तर मोटर नाहीतर बोर्ड जातो. आणि चाकावर जोर लावू नका, टायमिंग (सुई आणि खालच्या फिरत्या भागाचा मेळ) सरकलं की मग मेकॅनिकशिवाय जमणार नाही. स्क्रू ढिला करून सुईचा उरलेला तुकडा काढा, मग खालून बॉबिन केस काढा, निघत नसेल तर आधी दिसतील ते धागे बारीक कात्रीने कापा, गोधडी ओढायची नाही, धागे कापत कापत मोकळी करायची. मग टॉर्च मारून शटलच्या (बॉबिनभोवती फिरून धागा पकडणाऱ्या भागाच्या) मागे बघा, नव्वद टक्के तिथेच धागा गुंडाळलेला असतो, समोरून दिसतच नाही. सुईचं टोक पण तिथेच पडतं, ते चिमट्याने किंवा लोहचुंबकाने काढा. मशीन ऑइलचा एक थेंब सोडा, थोडं थांबा, आणि चाक मागे-पुढे अगदी हलकं हलवा.

शिवणकाम_धुळे:
थोडं रॉकेल मारा, लगेच सुटेल.

मशीनवाला_भुसावळ:
भाऊ रॉकेलने मळ निघतो पण तेलही धुतलं जातं, नंतर तेल न देता चालवलं तर शटल घासतं. आणि उडालं तर गोधडीला वास बसेल तो वेगळाच.

गोधडी_अमळनेर:
सुटलं!! शटलमागे धाग्याचा गोळा होता आणि त्यात सुईचं टोक. गोधडीला काही झालं नाही. चाक फिरतंय, पण नवी सुई लावली तर मधेमधे टाके सुटून राह्यलेत.

आजीची_गोधडी_चोपडा:
ताई सुई नीट बसलीय का बघा, लांब खाच तुमच्याकडे हवी आणि सुई पार वरपर्यंत गेलेली हवी. लाँगआर्मची सुई गोल दांड्याची, जराशी फिरली तरी टाके सुटतात. तेवढं करूनही सुटत असतील तर हाताने चाक फिरवून बघा, सुई तळाला जाऊन साधारण २ मिलीमीटर वर आली की शटलचं टोक बरोबर तिच्यामागे, नेढ्याच्या (धागा ओवायच्या भोकाच्या) किंचित वर आलं पाहिजे. तसं येत नसेल तर टायमिंग हललंय, ते मेकॅनिककडूनच करून घ्या. शटलच्या टोकावरून नखही फिरवा, सुई लागून खरखरीत झालं असेल तर धागा तुटत राहील. आणि १६ ऐवजी १८ नंबरची सुई घ्या. जरीचे काठ मी आधी उसवून घेते आणि गोधडीला कडेने पट्टी म्हणून लावते, दिसायलाही फार सुंदर दिसतं, आणि आईच्या लुगड्याचा काठ आहे हे लेकीला लगेच कळतं.