सेन्सेक्स वर म्हणजे बाजार ठणठणीत? कुणाचा बाजार?

उद्यमबागकर: काल एकानं टाकलेलं वाचलं, "सेन्सेक्स 80 हजारांच्या वर, बाजार ठणठणीत, रडणाऱ्यांनी आता गप्प बसावं." डोकं फिरलं म्हणून लिहालोय. सेन्सेक्समध्ये 30 कंपन्या, मुंबई शेअर बाजारात लिस्टेड हजारोंनी. त्यात परत फ्री फ्लोट, म्हणजे प्रवर्तकांचे (कंपनीच्या मालक मंडळींचे) शेअर वगळून उरलेल्या शेअरांची एकूण किंमत जिची मोठी, त्या कंपनीचं वजन मोठं. एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय हलल्या की आकडा हलतो. 2018 आठवा, वर्षअखेरीला सेन्सेक्स 5-6 टक्के वर आणि स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचा निर्देशांक 20 टक्क्यांहून जास्त खाली. माझ्याकडं सगळे शेअर छोट्या ऑटोपार्टवाल्यांचे. बायको विचारायची, "टीव्हीवर सगळं हिरवं सांगालेत, मग आपलंच का लाल?" काय सांगणार तिला?

टिळकवाडी: तुम्ही छोटे शेअर घेतले त्यात सेन्सेक्सचा काय दोष? मोठ्या, रोज खरेदी-विक्री होणाऱ्या कंपन्यांचा कल दाखवणं एवढंच त्याचं काम. सगळा बाजार बघायचाय तर 500 कंपन्यांचा निफ्टी 500 आहे की, मिडकॅप-स्मॉलकॅपचे, म्हणजे मधल्या-छोट्या कंपन्यांचे वेगळे आहेत.

उद्यमबागकर: खरं बातमीत निफ्टी 500 कोण सांगतंय? आणि बुडणारी कंपनी निर्देशांकातनं काढतात. सत्यमचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये बाहेर आला, काही दिवसांत सेन्सेक्स आणि निफ्टी (राष्ट्रीय शेअर बाजाराचा 50 कंपन्यांचा निर्देशांक) दोन्हीतनं ती कंपनी बाहेर. आकडा परत चकाचक, शेअर धरून बसलेला तिथंच.

खानापूर रोड: शेअरचं सोडा. 2020-21 ला देशाचा जीडीपी घटला आणि जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्स 50 हजारांला लागला. त्यावेळी आमच्या फौंड्रीत मोल्डिंगचे बॉक्स भिंतीला रचून ठेवलेले, वर धूळ, भट्टी पेटवायला ऑर्डर नाही.

टिळकवाडी: बाजार आजचं नाही, पुढचं बघतो. नंतर ऑर्डरी आल्याच ना?

खानापूर रोड: आल्या, खरं तोपर्यंत निम्मी माणसं गावाकडं गेलेली, ती परत आली नाहीत.

शहापूर वैनी: तुम्ही दोघं आकड्यावर भांडालाय, पोरांचं काय ते बोला! हे हजारांचे आकडे बघूनच पोरं ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाणार का खाली ह्यावरच्या सौद्यांत घुसल्यात. माझ्या भाच्यानं बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे निफ्टीच्या एक्सपायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी घालवले, घरात कळलं तेव्हा ताईनं दोन दिवस जेवण सोडलं.

टिळकवाडी: वैनी, विषय तो नाही.

शहापूर वैनी: तोच आहे! शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये सांगितलंय, तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनच्या वायद्यांमध्ये 100 तले 93 किरकोळ ट्रेडर तोट्यात. निर्देशांक वर आणि तो खेळणारी पोरं खाली, ह्याला ठणठणीत म्हणता?

निपाणीकर: पोरांना कामधंदा नको, मोबाईल पाहिजे. आम्ही तंबाखूच्या वखारीत घाम गाळला.

शहापूर वैनी: दादा, आधी काम द्या, मग घामाचं बोला. इंजिनिअर झालेला पोरगा 12 हजारांवर राबालाय.

निपाणीकर: मी कुणाच्या पोराला नावं ठेवली नाहीत. आवाज चढवू नका.

टिळकवाडी: वैनी, ऑप्शनचं मान्य, ते बंदच पाहिजे अशा पोरांना. खरं त्यामुळं सेन्सेक्स खोटा ठरत नाही. 1978-79 ला 100 धरलेला आकडा आज कुठं आहे बघा. निर्देशांकाचा फंड घेऊन शांत बसलेल्यानं कमावलंय, त्यात मी पण आहे.

उद्यमबागकर: कमावलंय, नाही कोण म्हणालंय? 30 कंपन्यांनी कमावलं, त्यांचा फंड घेणाऱ्यानं कमावलं. तेवढंच म्हणा आणि "बाजार" म्हणू नका. निफ्टी 500 मी बघेन, खरं 2018 चं उत्तर अजून दिलेलं नाहीस तू.