लोणेऱ्याचं विद्यापीठ पनवेलला आणावं का?

सिडकोकर:
भाचीचे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे पर्याय भरताना पुन्हा तोच विचार आला, म्हणून लिहितो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेऱ्याला ठेवण्यात आता काय अर्थ आहे? २०१४ च्या कायद्याने ते राज्यभरातल्या कॉलेजांना संलग्नता देणारं विद्यापीठ झालं. विदर्भातल्या प्राचार्यांनी कामासाठी रायगडातला माणगाव तालुका गाठायचा? गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर जास्त बोलत नाही. चांगले प्राध्यापक तिकडे राहायला तयार नसतात, कंपन्या मुलाखतींना जायला कुरकुरतात. पुढच्या वीस वर्षांचं नियोजन करायचं तर मुख्य कॅम्पस सरळ पनवेलला आणा. अटल सेतू झाला, विमानतळ आला. लोणेऱ्याला फक्त डिप्लोमा ठेवा. भावना बाजूला ठेवून बोलू या.

गोरेगाव_रोड:
भावना बाजूला ठेवायच्या तर हिशेबच करू. मी लोणेऱ्याचाच विद्यार्थी, आता मुलुंडला असतो. तुमची पोस्ट सकाळी लोकलमध्ये वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही.

तुम्ही दोन वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधलीत. संलग्नतेचं काम म्हणजे परीक्षा, निकाल, अभ्यासक्रम, कॉलेजांच्या तपासण्या. त्याला ऑफिस लागतं. ते पनवेलला टाका, पुण्याला टाका, माझी काही हरकत नाही. शिकवण्याचं काम म्हणजे वर्ग, लॅब, वसतिगृह, संशोधन. त्याला जमीन लागते आणि ती लोणेऱ्याला आहे. प्राचार्यांना प्रवास पडतो म्हणून मुलांचं कॉलेज उचलायचं, हे कसलं नियोजन?

आणि शहरात आणलं की कारभार सुधारतो, हे कुणी सांगितलं? २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पेपर तपासणी ऑनलाइन केली, निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. ते विद्यापीठ तर कलिना आणि फोर्टात आहे. तिथे अडचण अंतराची नव्हती, शेकडो कॉलेजांच्या ओझ्याची होती.

आता पनवेलचं. तिथे जमिनीचा भाव काय आहे ते तुम्हीच रोज बघता. विद्यापीठाला मिळून मिळून किती मिळेल? मुंबईचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज व्हीजेटीआय. १९२३ मध्ये ती भायखळ्याहून माटुंग्याला आली, तेव्हा माटुंगा मोकळं होतं. आज सोळा एकरांत कोंबून बसली आहे, नवी लॅब काढायची तर जुनी हलवावी लागते. आयआयटी १९५८ ला वरळीत सुरू झाली आणि मग पवईला गेली, तेव्हा पवईसुद्धा गावाबाहेरच होती. मोठ्या कॅम्पसची जागा आधी घ्यायची असते, शहर मागून येतं.

माझ्या खोलीत एक पोलादपूरचा होता, एक मंडणगडचा. पोलादपूरवाल्याचे वडील ८२ च्या संपानंतर गिरणी सुटून गावी गेलेले. तो शनिवारी एसटीने घरी जायचा आणि सोमवारी पहिल्या तासाला भाकऱ्यांचा डबा घेऊन हजर असायचा. पनवेलला पेइंग गेस्ट राहून तो इंजिनिअर झाला असता का? ज्या महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या शेजारी बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे फक्त डिप्लोमा ठेवा म्हणताना जरा विचार करायचा.

सिडकोकर:
बाबासाहेबांचं नाव पुढे केलं की समोरच्याने गप्प बसायचं, असं दिसतंय. मी नावाबद्दल एक अक्षर बोललो नाही. पवईला केंद्राचा पैसा होता. खरगपूरला १९५१ मध्ये आयआयटी काढली तिथेही केंद्राचा पैसा आणि रेल्वेचं मोठं जंक्शन. आपल्याकडे लोणेऱ्याजवळच्या गोरेगाव रोड स्टेशनवर किती गाड्या थांबतात? राज्याच्या पैशात आडगावी कॅम्पस चालवणं वेगळं असतं. तुमचा पोलादपूरचा मित्र हुशार होता, पण एका मुलाच्या गोष्टीवर वीस वर्षांचा आराखडा ठरत नाही.

गोरेगाव_रोड:
बरं, मग मुलं सोडा, काम बघा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळीये गाव दरडीखाली गेलं, त्याच दिवसांत महाड पाण्यात होतं. पूल, उतार, पूर, माती, सगळं स्थापत्यच्या विभागापासून तासाभराच्या आत. शेजारी महाड आणि रोह्याच्या रासायनिक वसाहती, त्यांचं सांडपाणी. याच्याएवढी मोठी प्रयोगशाळा पनवेलला कुठली मिळणार? आराखडा करायचा तर दरडी, पूल आणि सांडपाणी या तीन विषयांत कोकणाने ज्याच्याकडे बघावं असं केंद्र उभारू, असं त्यात लिहा. माटुंग्याच्या आयसीटीने, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेने, २०१८ मध्ये जालन्याला कॅम्पस काढला. ते बाहेर जातायत आणि आपण आत बोलावतोय.

दादरची_आई:
मुलगी आहे तुम्हाला? मला आहे. माझ्या मुलीला दीडशे किलोमीटरवर, पावसात चार चार तास वीज जाते अशा ठिकाणी ठेवायला मी तयार नाही. हॉस्पिटल कुठे आहे जवळ? तुमच्या आराखड्यात दरडी आहेत, पूल आहेत, मुलींचं नाव नाही.

गोरेगाव_रोड:
ताई, म्हसळ्याच्या मुलीची आई नेमकं हेच पनवेलबद्दल म्हणते. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना फी माफ झाली, तरी खोलीचं भाडं आणि मेस माफ झालेली नाही. जवळ कॅम्पस नसेल तर तिला बीएला बसवतात.
हॉस्पिटलचं तुमचं बरोबर आहे. ते आराखड्यात पहिल्या पानावर हवं.

प्रेरणा_कुर्ला:
तुम्ही दोघं जमिनीवर भांडताय. शिकवणार कोण, ते एकाने तरी लिहिलं का? मी तासिका तत्त्वावर शिकवते, विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. उन्हाळ्यात पगार नाही, जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तेच तीन चेहरे समोर. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. त्यात आमच्यासारख्यांना मोजतात आणि तपासणी पथक आलं की नवी साडी नेसून या म्हणतात. कॅम्पस पनवेलला न्या नाहीतर चंद्रावर, भरती होत नसेल तर आराखडा म्हणजे रंगीत छापलेली पुस्तिका.

फिटर_लालबाग:
ताई, मनातलं बोललात. प्राध्यापकांचं तरी कुणी लिहितं. वर्कशॉप इन्स्ट्रक्टरचं कोण लिहिणार? मी मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात वर्कशॉपला होतो. पहिल्या वर्षाला फिटिंग, सुतारकाम, लोहारकाम, वेल्डिंग असायचं. आम्ही निवृत्त होत गेलो, जागा भरल्या नाहीत, तास कमी झाले, आणि एके दिवशी लेथ मशिनं भंगारात देऊन तिथे एसी लावला, कॉम्प्युटर मांडले. एआय लॅब. नियोजनात त्याला आधुनिकीकरण लिहिलं होतं.

डेटा_पवई:
काका, आदर आहे, पण कॉम्प्युटरच्या मुलाने कानस का घासायची? आम्ही फिटिंगचा तो एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा बाहेरून पैसे देऊन करून घ्यायचो, सगळे तेच करायचे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादा काढली, कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढतायत, मुलं तिकडेच जातायत. ज्याला मागणी आहे त्याला जागा द्यायची.

फिटर_लालबाग:
बाहेरून करून घेतलात हे इथे छातीठोक सांगताय? मग ऐका काय घालवलंत ते.
पन्नास बाय पन्नास मिलिमीटरचा पत्रा बेंच व्हाइसमध्ये धरायचा. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा. नव्या पोराला हे कळायला आठवडा जातो, तोवर तो दोन्हीकडे दाबतो, दात बोथट करतो आणि हाताला फोड आणतो. मग कडेला गुण्या लावून ट्यूबलाइटकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घास. घासता घासता एक कोपरा जास्त गेला की पूर्ण पत्रा फुकट, नवा घ्या. काटकोन म्हणजे काय, ते पुस्तकातून नाही, त्या उजेडातून कळतं. ज्याने एकदा ते केलं तो पुढे ड्रॉइंगवर उगाच टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, टाकत नाही, कारण ते कुणाच्या तरी मनगटातून निघतं हे त्याला माहीत असतं.

डेटा_पवई:
सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनच्या, काळात मनगट कशाला?

फिटर_लालबाग:
सीएनसीवर जॉब बांधतो कोण? तुमचा लॅपटॉप?

माटुंगा_८८:
काकांना पूर्ण पाठिंबा. आमच्या बॅचला लोहारकामात एस हुक करायचा होता. माझा हुक सरांनी खिडकीतून बाहेर फेकला होता. आज माझा अंबरनाथला स्वतःचा कारखाना आहे आणि मी नवीन इंजिनिअर घेताना आधी मोजमापाचं व्हर्नियर हातात देतो. दहांतल्या सहा जणांना वाचता येत नाही.

डेटा_पवई:
तुमच्या कारखान्यात पगार किती देता तेही लिहा म्हणजे मुलं कॉम्प्युटरला का जातात ते कळेल.

माटुंगा_८८:
व्यक्तिगत जायची गरज नाही.

प्रेरणा_कुर्ला:
व्यक्तिगत नाही, प्रश्न बरोबर आहे. मेकॅनिकलच्या माझ्या मुलांना पहिली नोकरी ज्या पगाराची मिळते त्यात डोंबिवलीत खोली येत नाही. कारखानदारांनी वर्कशॉपसाठी हळहळायचं आणि पगार वाढवायचा नाही, हे कसं चालेल?

सिडकोकर:
मंडळी, धागा कॅम्पसचा आहे. सगळे कानशीवर घसरलात.

गोरेगाव_रोड:
घसरलेले नाहीत. लोणेऱ्यासारख्या ठिकाणी वर्कशॉपला जागेची अडचण नाही, लेथ भंगारात द्यावी लागत नाही. माणगाव, महाड, रोहा पट्ट्यात कारखाने आहेत, तिथल्या पोरांना आणि कामगारांना संध्याकाळी त्याच मशिनवर शिकवता येईल. माटुंग्यात हे होणार नाही, पनवेलला तर नाहीच नाही. पण प्रेरणाताई म्हणतात ते पटतंय. कायम जागा भरल्या नाहीत तर माझं दरडींचं केंद्र कागदावरच राहील. आराखड्याचं पहिलं वाक्य पदांचं हवं, इमारतींचं नको.

सिडकोकर:
ठीक आहे. परीक्षेचं आणि संलग्नतेचं ऑफिस पनवेलला, शिकवणं लोणेऱ्यात, इथपर्यंत मी येतो. खुशीने नाही, जमिनीच्या भावामुळे. पण कंपन्यांचा मुद्दा कुणी खोडलेला नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक पूर्ण सेमिस्टर मुंबई, ठाणे, तळोजाच्या कंपन्यांत पाठवायचं आणि तिथे विद्यापीठाने स्वतःचं वसतिगृह घ्यायचं, भाड्याने का होईना. ते नसेल तर माझी भाची तिकडे जाणार नाही.

दादरची_आई:
आणि मुलींच्या वसतिगृहाला रात्री डॉक्टर.

फिटर_लालबाग:
आणि इन्स्ट्रक्टरच्या जागा कायम. कंत्राटी पोरगा सहा महिन्यांत मशीन ओळखायला लागतो तोवर त्याचं कंत्राट संपतं. मग कॅम्पस कुठेही असू दे.