यादी पुण्यातच का संपवता?

नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या तरुणपणातल्या पुण्यातल्या जागांची तुम्ही केलेली यादी चांगली झाली आहे. फक्त संभाजी बाग त्यात कशाला? तिथं होता तो फक्त त्यांचा पुतळा, आणि तोही २०१७ च्या जानेवारीत मुठा नदीत फेकला गेला. फर्ग्युसन मात्र हवंच. गणितानं दगा दिला, कॉलेज सुटलं नि गडी किर्लोस्कर नाटक मंडळीत रमला. गणितात पास झाला असता तर मराठी रंगभूमीचं काही खरं नव्हतं!

पण पुण्यावरच थांबू नका राजेहो. ते तरुणपण संपलं नागपूरजवळच्या आमच्या सावनेरात, २३ जानेवारी १९१९ ला. वय अवघं ३३. आजारपणात भावाकडं आले होते. 'भावबंधन' नाटकाचा शेवट हातावेगळा केला तो इथंच, 'राजसंन्यास' मात्र अपुरंच राहिलं. आणि 'एकच प्याला'? त्याचा पहिला प्रयोग ते गेल्यावर महिन्याभरात बडोद्याला झाला. लिहिणाऱ्यानं तो रंगमंचावर पाहिलाच नाही.

यायचं तर नागपूरहून छिंदवाडा रोडची एसटी पकडा. जानेवारीत आलात तर मृग बहराची संत्री झाडावर असतात, पिशवी घेऊनच या.